गुलाबी होता म्हणे

करंजाडे, १५ सप्टेंबर २०२५

चि. ज्ञानू,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. त्यातला किती घ्यायचा ते तुझं तू बघ.

फोन करणार नाही. मागं दोनदा केला तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तू ठेवून दिलास. कागदाचं तसं नाही. अर्ध्यात टाकलास तरी उरलेला तिथंच पडून तुझ्याकडं बघत राहतो.

उत्कर्षा काल येऊन गेली. पोर गुणाची आहे. तुझ्या वळणावर गेली नाही, हे तिच्या आईचे उपकार. लग्न ठरल्याचे पेढे दिले, तुझ्या वहिनीच्या पाया पडली, आमच्या सुनेशी, मनालीशी, ब्लाऊजच्या शिलाईवर बराच वेळ बोलली, आणि मग चहाच्या कपात बघत तुझा निरोप सांगितला. "काका, बाबा म्हणाले, दादानं एकदा तोंडानं कबूल करावं, दगड बदलला म्हणून. मग झालंगेलं सोडून देऊ. लग्नात थोरल्याचा मान त्याचाच."

वा. म्हणजे मी आधी चोर व्हायचं, मग तू मला फेटा बांधणार.

पोरीला तू अर्धीच हकीकत सांगितलेली दिसते. म्हणून पुन्हा मांडतो. हे पत्र तिलाही वाचायला दे, आणि माझं कुठं चुकत असेल तर तिच्यासमोर बोट ठेव.

आपण दिघ्याला एका खोलीत होतो. तू डोंगरातल्या खाणीत ड्रिल मारायचास, मी महाप्याच्या केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचो. सुरुंग उडाला की काळ्या पत्थराच्या पोटातल्या पोकळ्या उघड्या पडायच्या आणि आत चमकते स्फटिक असायचे, स्टिल्बाइटच्या जुड्या, अपोफिलाइटचे खडे. बाकीचे ते खडीत भरडायचे, तू उचलून आणायचास. मी रद्दीतल्या पुस्तकांवरून त्यांची नावं लावायचो आणि धंद्याच्या रीतीनं आधी अ‍ॅसिडात घालायचो. वर बसलेला चुना फसफसून जायचा, खालचा दगड न्हाऊन आल्यासारखा निघायचा. रविवारी तुर्भ्याचा व्यापारी येऊन घेऊन जायचा. दोघांचं बरं चाललं होतं. नाही म्हण.

मग त्या दिवशी तू संध्याकाळी कंपनीच्या गेटवर आलास. गमछ्यात बांधलेला दगड माझ्या हातात दिलास. "दादा, आज दुपारी गावलाय. लहान पोराच्या नखावानी गुलाबी हाय. असला आजवर बघितला न्हाई. आन् अ‍ॅसिडात घालू नगंस." एवढं बोलून गेलास. मी स्टोअरमध्ये येऊन गाठ सोडली. काळ्या पत्थरावर पातळ पापुद्रे, मळकट पांढरे, थोडी निळसर झाक. गुलाबी कुठंच नाही. मनात म्हटलं, सबंध दिवस उन्हात ड्रिल मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीही नाचत असेल. पण तू सांगितलं होतंस म्हणून अ‍ॅसिडात घातला नाही. कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

रविवारी संध्याकाळी व्यापारी स्टोअरमध्ये आला, तू आलास. मी गाठ सोडली. तू दगडाकडं बघितलंस, मग माझ्याकडं. आणि त्या परक्या माणसासमोर म्हणालास, "दादा, ह्यो माझा दगड न्हाई. माझा कुठं हाय?"

व्यापारी हसला. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. "शामराव, भावालाच शेंडी लावलीत का?" असं म्हणाला आणि पान थुंकायला बाहेर गेला. आणि तू गमछा तेवढा उचललास. "चोराचा माल चोराकडंच राहू दे," म्हणालास.

त्या दिवसापासून तो दगड माझ्याकडं आहे. आधी ट्रंकेत बंद होता. करंजाड्याला फ्लॅट घेतला तेव्हा पॅसेजमध्ये सुताराकडून भिंतीतलं शोकेस करून घेतलं, ते त्याच्यासाठी. आमच्या पॅसेजला खिडकी नाही, दिवसाही ट्यूब लावल्याशिवाय चप्पल सापडत नाही. त्या ट्यूबखाली तो बसलाय. येणारा-जाणारा विचारतो, एवढे सुंदर खडे सोडून हे काय मध्यभागी ठेवलंय? मी सांगतो, हा माझा साक्षीदार आहे. तू दिलास तो हाच, ह्यातला कण मी हलवलेला नाही.

आता उत्कर्षेचं शास्त्र. पोरीनं भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं. का केलं, तर लहानपणापासून तुझी ही गुलाबी दगडाची रडकथा ऐकून. ती म्हणते, "काका, बाबांनी बघितला तो लँथानाइट असू शकतो. रेअर अर्थचं, म्हणजे दुर्मिळ धातूंचं, कार्बोनेट. गुलाबी पापुद्रे असतात, बाबा सांगतात तसेच." मी म्हटलं, बाळ, हल्ली टीव्हीवर रोज रेअर अर्थ चाललंय, आता ज्याला त्याला परसात तेच सापडणार. ह्या कुळीतली खनिजं कुठं मिळतात ते मीही वाचलंय. गुजरातेत अंबाडोंगरला, कार्बोनेटच्याच खडकात बॅस्टनेसाइट मिळतं. तुझं लँथानाइट पहिल्यांदा मिळालं स्वीडनच्या जुन्या खाणीत, दुसऱ्या धातुकावर साय धरावी तसं. आपला काळा पत्थर म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात असली श्रीमंती कुठली? तर म्हणते, "जपानमध्ये काळ्या पत्थराच्या भेगांमध्येही मिळालंय, काका." जपानमध्ये. तुझा बाप दिघ्याचा, म्हटलं.

हसली. तिला राग येत नाही. तो तुझ्याकडं सगळा जमा आहे.

तर उत्तर असं. मी काही बदललं नाही. कबूल करण्यासारखं माझ्याकडं काही नाही. लग्नाला चोर म्हणून येणार नाही, आणि तू मला दुसरं काही म्हणायला तयार नाहीस. तुझ्या वहिनीनं उत्कर्षेसाठी साडी काढून ठेवलीय, ती पोस्टानं येईल.

तुझा दादा

करंजाडे, २८ सप्टेंबर

ज्ञानू,

तुझं उत्तर पोचलं. त्याला उत्तर म्हणायचं तर माझ्या दुधाच्या पिशवीवर ह्याहून जास्त मजकूर असतो. "दगड गुलाबी व्हता. मला दुसरं काय बोलायचं न्हाई." आणि खाली सही. सही कशाला? तुझ्याशिवाय हा हट्ट दुसऱ्या कुणाकडं आहे?

मग म्हटलं, इतकी वर्षं ह्या साक्षीदाराला नुसतं बसवून ठेवलंय, एकदा त्याची जबानी घेऊ. काल शोकेसची काच सरकवली आणि तिथंच, पॅसेजमध्ये, स्टूल टाकून बसलो.

आधी नख. नखानं ओरखडा पडेना. मग देव्हाऱ्यातली तांब्याची पळी आणली, तिच्या कडेनं पडला. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, ती आचमनाची पळी आहे." मी म्हटलं, खरंखोटं ठरवायला देवाचीच वस्तू लागते. तर नखाला दाद न देणारा, तांब्यानं ओरखडणारा. कॅल्साइट नेमकं तसंच असतं.

मग संडासाच्या अ‍ॅसिडात पाणी घातलं आणि काडीनं एक थेंब कोपऱ्यावर सोडला. एकच, आणि कोपऱ्यावरच. तू अ‍ॅसिडात घालू नको म्हणाला होतास, म्हणून सबंध बुडवला नाही. इतकं मी आजही पाळतो, लिहून ठेव. थेंब पडला आणि फसफसला. सोडावॉटरसारखा. कोपऱ्यावर मसुरीएवढा खड्डा पडला.

चुना, ज्ञानू. साधा चुना. पानाला लावतात तो. त्याच्यासाठी तू सख्ख्या भावाला चोर ठरवलंस, आईच्या वर्षश्राद्धाला वेगळ्या पंगतीला बसलास, आमच्या निखिलच्या लग्नात आहेर पाठवून स्वतः दिघ्यात बसून राहिलास. माणसानं भांडावं, पण निदान कशापायी भांडतोय ते तरी जरा वजनदार असावं.

उत्कर्षेला मी फोनवर हे सांगितलं. ती म्हणते, "काका, फसफसणारच. तेही कार्बोनेट, कॅल्साइटही कार्बोनेट. अ‍ॅसिड टाकलं की दोघांतून तोच गॅस निघतो. आणि कडकपणाही दोघांचा जवळपास सारखा." बरं, मग फरक कशात? तर विचारते, "पापुद्रे कसे सुटतात? अभ्रकासारखे एकावर एक की तिरप्या विटांसारखे?" मी बघितले. अभ्रकासारखे सुटतात. पण पातळ पत्र्यांचं कॅल्साइटही असतं, हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे, मान्य तिनं केलं. "पण रंग नाही ना गुलाबी," असं शेवटी तीच पुटपुटली. तेवढ्यावर आमचं बोलणं संपलं. सांगायचा मुद्दा, तुझी स्वतःची एम.एस्सी. झालेली लेकसुद्धा ह्या दगडाला गुलाबी म्हणू शकत नाही.

ती पुढच्या रविवारी भिंग घेऊन येणार म्हणते. येऊ दे. शोकेस उघडं आहे, घर तिचंच आहे. तिनं बघून घ्यावं. त्यानंतर माझा विचार पक्का आहे. एक दिवस बालदीत अ‍ॅसिड ओतणार आणि हा साक्षीदार त्यात सोडणार. विरघळला की तुझी गुलाबी गोष्टही विरघळेल आणि मला पॅसेजमध्ये एखादा बरा अपोफिलाइट ठेवता येईल.

तुझी वहिनी म्हणते, तसं करू नका, तो तुमचा नाही, भाऊजींनी ठेवायला दिलेला आहे. तुझी बाजू घेणारं माणूस माझ्याच घरात आहे, आणि तू म्हणतोस तुला कुणी नाही.

दादा

करंजाडे, ९ ऑक्टोबर

ज्ञानोबा,

शाबास. जसा बाप तशी लेक. मी तिला तुझ्यापासून वेगळं काढत होतो, ती माझी चूक.

रविवारी उत्कर्षा आली. भिंग घेऊन पॅसेजमध्ये बसली. मी मुद्दाम आत जाऊन पेपर वाचत बसलो. पोरीवर पहारा ठेवतोय असं तिला वाटू नये म्हणून. बघ किती मूर्ख माणूस मी. तासाभरानं आत आली, म्हणाली, "काका, मला नक्की सांगता येत नाही. एक पापुद्रा सुटला तर नेऊ का? आमच्या मॅडमच्या मशीनवर लावून बघते." मी म्हटलं, कणही मिळणार नाही, पुराव्यातला कण कुणी देत नाही. "बरं," म्हणाली. वहिनीनं दिलेला डबा पिशवीत घातला, पाया पडली, गेली. पिशवी चांगली मोठी होती.

मंगळवारी पॅसेजची ट्यूब गेली. चोक जळाला. आमच्या सेक्टरच्या दुकानात आता तसली पट्टी ठेवत नाहीत म्हणे, नवीन येईपर्यंत मनालीनं माळ्यावरचा जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब होल्डरला लावून दिला. त्याचा उजेड डोळ्यावर येतो म्हणून मी दोन दिवस मान खाली घालूनच जात-येत होतो. आज सकाळी चष्मा पुसत शोकेससमोर उभा राहिलो.

दगड गुलाबी आहे.

फिका, स्वच्छ गुलाबी. पापुद्र्या-पापुद्र्यातून. आकार तोच, खालचा काळा पत्थर तसाच, आणि वर गुलाबी. कुठून पैदा केला? कुणाकडून करवून घेतला? आता लग्नात चार माणसांसमोर सांगायला मोकळा तू, की बघा, इतकी वर्षं दादाकडं गुलाबीच दगड होता आणि दादा पांढरा आहे, पांढरा आहे म्हणत होता. मला खोटं पाडायला तू स्वतःच्या लेकीच्या हातून माझ्या घरात चोरी करवलीस. लग्नाला आठ आठवडेसुद्धा राहिले नसताना. हळद लागायच्या हातानं.

निखिलला बोललो तर तो म्हणाला, "पप्पा, टेन्शन नका घेऊ, एवढ्याशा दगडाचं काय." तुझी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली. तिला हे खरं वाटत नाही. तिला कुणाचंच काही खोटं वाटत नाही, म्हणून तर ह्या घरात पिशव्या भरून माल जातो.

तुला मी एरवीही फार काही समजत नव्हतो. हट्टी, आतल्या गाठीचा, एकदा तोंडातून निघालं की गिळता न येणारा, असं समजत होतो. चोर समजत नव्हतो. आजपासून समजतो. पोरीला सांग, ह्या घराची पायरी चढू नको. साडी परत कपाटात गेली. आणि तुझा हा शृंगारलेला दगड उद्या सकाळी बालदीत जाईल. ह्याला सांभाळायचं मला कुणी सांगितलेलं नाही.

पत्र आताच पनवेलला जाऊन स्पीड पोस्टानं टाकतो. माझा राग निवायच्या आत ते निघायला पाहिजे.

श्यामराव

करंजाडे, १० ऑक्टोबर, सकाळ

ज्ञानू,

आधी एक काम कर. काल मी एक पत्र पोस्टात टाकलं. ते तुला उद्या-परवा मिळेल. हे पत्र मनालीच्या हाती देतोय. ती महाप्याच्या नोकरीवरून सुटल्यावर संध्याकाळी दिघ्याला येऊन देईल. म्हणजे मागून लिहिलेलं आधी पोचेल. ते दुसरं पाकीट आलं की फोडू नको. उत्कर्षेच्या हातात तर पडूच देऊ नको. त्यात तिच्याबद्दल असं काही आहे की माझी मला आज दाढी करताना आरशात बघायची सोय राहिली नाही.

काय झालं ते सांगतो. जसंच्या तसं सांगतो, तू हसलास तरी चालेल. हसच.

सकाळी बाथरूममध्ये बालदी ठेवली, अ‍ॅसिड ओतलं. पॅसेजमध्ये आलो, पिवळ्या बल्बखाली दगड उचलला. गुलाबी. मुठीत धरला, बाथरूममध्ये गेलो. तिथं ट्यूब आहे. बालदीवर हात धरून मूठ उघडली तर हातात पांढरा दगड.

पॅसेजपासून बाथरूम केवढं लांब आहे, तू आमचं घर पाहिलं नाहीस म्हणून सांगतो, मध्ये फक्त चपलांचं कपाट आहे. मूठ माझी, दगड मुठीत. मध्ये कुणी आलं नाही. उत्कर्षा तिकडं दिघ्यात झोपेत असेल. आणि तरी दगड बदलला.

परत पॅसेजमध्ये आलो. गुलाबी. बाथरूम. पांढरा, तीच मळकट निळसर झाक. पॅसेज, बाथरूम, पॅसेज. तुझी वहिनी पीठ मळता मळता बाहेर आली आणि बघत राहिली. "अहो, पोट बिघडलंय का तुमचं?" मी तिच्यासमोर हात धरला. "हा कोणता रंग?" "गुलाबी." ओढत बाथरूममध्ये नेलं. "आता?" तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला.

मग मला कोपरा आठवला. चष्मा वर करून बघितलं. मसुरीएवढा खड्डा. माझ्याच काडीनं, माझ्याच थेंबानं पाडलेला. जगात कुणी हुबेहूब दगड आणून ठेवू शकेल, पण माझा मूर्खपणा कोरून कोण देईल?

तो घेऊन गॅलरीत गेलो. ऑक्टोबरचं ऊन नुकतं कठड्यावर आलं होतं. त्या उन्हात धरला आणि ज्ञानू, लहान पोराच्या नखासारखा. तू गेटवर म्हणाला होतास ते शब्द ह्याच्यासाठीच होते. मला एवढ्या पुस्तकांमधून तसा शब्द सापडला नसता.

उत्कर्षेला फोन लावला. काल काय लिहिलं ते नाही सांगितलं, एवढा धीर झाला नाही. नुसतं दगडाचं सांगितलं. ती एकदम रडायलाच लागली, "काका, पुन्हा सांगा, ट्यूबखाली पांढरा? नक्की?" तिच्या म्हणण्याप्रमाणं ह्याच्यात निओडिमियम असणार. स्पीकरच्या लोहचुंबकात असतं ते. ते उजेडातली पिवळ्या रंगाची एक चिंधी खाऊन टाकतं. उन्हात आणि जुन्या बल्बात सगळे रंग भरघोस असतात, त्यातली तेवढी चिंधी गेली की गुलाबी उरतो. ट्यूबचा उजेड मुळातच ठिगळांचा. त्यातून तीच चिंधी काढली तर मागं धड काही राहत नाही. कॅल्साइटला हे जमत नाही, म्हणाली. नेमकं नाव मशीनवर लावल्याशिवाय सांगणार नाही, आपल्या डोंगरात असलं मिळाल्याची कुठं नोंदही नाही, म्हणून ती नाचायला तयार नाही. पण रडत होती. "मी तासभर त्याच ट्यूबखाली बसून भिंगातून बघत होते, काका. गॅलरीत नेऊन बघायचं माझ्याही डोक्यात आलं नाही." मी म्हटलं, बाळ, तू तासभर बसलीस, मी सबंध फ्लॅटचं कर्ज फिटेपर्यंत बसलोय.

आता आपल्या दोघांचं.

तुला तो दुपारी मिळाला, उन्हात. मी बघितला संध्याकाळी, स्टोअरच्या ट्यूबखाली. त्या स्टोअरला खिडकी नव्हती. केमिकलला ऊन लागू नये म्हणून कंपनीनं मुद्दाम ठेवली नव्हती. व्यापारी आला तोही संध्याकाळी, त्याच ट्यूबखाली. आणि तो हसला. त्याला खनिजातलं काय कळत होतं? वजन करायचा आणि पुड्या बांधायचा. त्याच्या पानाच्या पिचकारीसरशी दोन शहाणे भाऊ दोन दिशांना उडाले. त्याच्याइतका बिनडोक माणूस मी महाप्यापासून तुर्भ्यापर्यंत पाहिला नाही, असं मी काल-परवापर्यंत म्हणायचो. आज सकाळी मोजदाद बदलली. तो तिसरा आला.

दुसरा तू. "दादा, जरा बाहेर चल, दारात चल, सकाळी उन्हात बघू," एवढं तुला सुचू नये? रात्रीत ऊन काय कुणी घेऊन जात नव्हतं. पण नाही. गमछा उचलला आणि निघाला. फार तोरा.

पहिला कोण ते मी लिहीत नाही. त्याच्याकडं पुस्तकं होती, भिंग होतं, अ‍ॅसिड होतं, रोजचा सूर्य होता. आणि त्यानं साक्षीदाराला अशा जागी नेऊन बसवलं, जिथं बिचाऱ्याला खरं बोलताच येणार नाही. वर रोज त्याच्यासमोर उभं राहून म्हणायचा, बघा, कसा गप्प आहे. एवढंही पुरलं नाही. तुझ्या तोंडून जे ऐकून तो आयुष्यभर पेटला होता, तेच काल त्यानं तुझ्या लेकीबद्दल लिहून, पत्ता घालून, तिकीट लावून पाठवलं. फरक एवढाच की तू परक्यासमोर एक वाक्य बोललास आणि त्यानं चार पानं भरली.

दगड बदलला नव्हता, ज्ञानू. आणि गुलाबी होता.

बालदीतलं अ‍ॅसिड वहिनीनं संडासात ओतलं. म्हणाली, निदान तेवढं तरी स्वच्छ होऊ दे. साडी परत बाहेर आलीय. दगड मशीनवर लावायला उत्कर्षेला न्यायचाय तर नेऊ दे, पापुद्रा काय, सबंध नेऊ दे, तो तिच्या बापाचा आहे. पण आधी तू बघ. तुझ्याशिवाय मी कुणाला देणार नाही. तू ठेवायला माझ्या हातात दिला होतास, मी तुझ्याच हातात देणार. कोपरा तेवढा माझ्या हातून गेला. तो भरून येत नाही.

मी त्याला रुमालात बांधून ठेवलाय. तू गमछ्याला मारायचास तशी गाठ मला अजून जमत नाही, चार वेळा सुटली.

रविवारी ये. वहिनी पुरण घालणार आहे, तिनं मला न विचारता डाळही काढलीय. लग्नात मान कुणाला द्यायचा ते तू ठरव, मी काही मागत नाही, मागच्या रांगेत खुर्ची दिलीस तरी येईन आणि जेवूनच जाईन. ते दुसरं पाकीट आलं असेल तर तसंच बंद घेऊन ये, माझ्यासमोर गॅसवर धरू.

पण संध्याकाळी येऊ नको. आपल्या दोघांना संध्याकाळ लाभत नाही. दुपारी ये, चांगलं डोक्यावर ऊन असताना. गच्चीची किल्ली वॉचमनकडून मी मागून ठेवतो.

तुझा दादा